तीन हात तार

माझ्या लिहिण्याच्या मेजाच्या खालच्या खणात एक तार आहे. ती तीन हात लांब आहे, रंगाने करडी आहे आणि आज ती कोणाच्याही उपयोगाची नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर येते. "आता तरी टाका ही," असे घरातून सुचविले जाते, आणि मी तिच्यावरची धूळ पुसून ती पुन्हा जागच्या जागी ठेवून देतो. एका निरुपयोगी तारेचा एवढा लोभ कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर द्यायचे तर मला २००३ सालच्या उन्हाळ्यात जावे लागेल.

आम्ही त्या वेळी मिरजेस राहत होतो. मी बारा वर्षांचा होतो आणि दादा पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होता. आमच्या माजघरात एक जुना संगणक होता. एका कचेरीने विकायला काढलेला तो संगणक अप्पांनी स्वस्तात घेतला होता. त्यात आमच्या दृष्टीने अनमोल असा एक ठेवा होता. तो म्हणजे आमच्या आजीचा आवाज. आजीला लिहितावाचता येत नसे. पण जात्यावरच्या ओव्या, श्रावणातल्या कहाण्या आणि आपल्या लहानपणीच्या कृष्णेच्या पुराच्या आठवणी तिच्या मुखी होत्या. २००० सालच्या मे महिन्यात दादाने तिच्यासमोर एक लहानसा माइक ठेवून तिचे बोलणे त्या संगणकात साठवून ठेवले. आधी ती लाजली. मग म्हणाली, "या डब्यात माझा आवाज मावेल का रे?" तो मावला. एकंदर तीन तासांचे बोलणे तेवीस फाइलींत साठले. पुढे दोन वर्षांनी आजी गेली, आणि तेवढा आवाजच मागे राहिला.

२००३ च्या सुटीत दादा आपला नवा संगणक घेऊन घरी आला. त्याच आठवड्यात जुन्या संगणकातून टक् टक् असा आवाज येऊ लागला. दुरुस्तीच्या दुकानातील कारागिराने तो ऐकून मान हलविली. "आतली डिस्क मरायला टेकली आहे. तिला हलवू नका, संगणक वारंवार बंदचालू करू नका आणि आत जे असेल ते लवकर बाहेर काढा," असे त्याने बजाविले.

पण बाहेर काढायचे कसे? आजच्यासारखी बोटभर लांबीची साठवणपेटी त्या संगणकाला लावता येत नव्हती. फ्लॉपी होती, पण एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट एवढाच मजकूर मावे. आजीचा आवाज साडेचारशे मेगाबाइटांच्या आसपास होता. म्हणजे तीनशेहून अधिक फ्लॉप्या लागल्या असत्या! डिस्क तोवर कशी थांबणार?

त्यातच आम्हां भावांचे भांडण झाले. "तू नको तेवढे खेळ खेळून ती डिस्क बिघडवलीस," असे दादा म्हणाला. "तू पुण्याला जाऊन बसलास, आजीचा आवाज वेळीच उतरवून घेतला नाहीस," असे मी म्हणालो. दोघेही तावातावाने बोलत होतो. पुढे दोन दिवस आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी दादाने आपल्या सामानातून एक करडी तार काढली. वसतिगृहात तिच्या साहाय्याने त्याचा संगणक इतरांच्या संगणकांशी जोडलेला असे. आमच्या जुन्या संगणकातही कचेरीच्या काळचे जोडणीचे कार्ड होते. दादाने दोन्ही संगणक एका मेजावर शेजारी ठेवले आणि तारेची दोन टोके दोघांच्या पाठीमागे खोचली. खोबणीजवळचा हिरवा दिवा लागायला हवा होता. तो लागला नाही. तार काढून पुन्हा खोचली, तरी अंधारच! "वसतिगृहात तर हीच तार चालत होती!" दादा हताश होऊन म्हणाला.

आमच्या शेजारी दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहत. आमची धडपड पाहून ते चष्मा सावरीत आत आले. दादाच्या पुस्तकातील एक आकृती त्यांनी बराच वेळ न्याहाळली आणि ते हसू लागले.

"अरे, या तारेच्या पोटात आठ बारीक तारा आहेत," ते म्हणाले. "त्यांपैकी पहिली आणि दुसरी ही संगणकाची बोलण्याची तारांची जोडी, तिसरी आणि सहावी ही ऐकण्याची जोडी. तुमचे दोन्ही संगणक एकाच जातीचे. दोघेही पहिल्या-दुसऱ्या तारेवर बोलतात आणि तिसऱ्या-सहाव्या तारेवर ऐकतात. तुम्ही सरळ तार लावली आहे. एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडाला बांधले आहे आणि एकाचा कान दुसऱ्याच्या कानाला. मग कोण कोणाचे ऐकणार?"

"मग वसतिगृहात ती कशी चालते?" मी विचारले.

"तिथे दोन संगणकांच्या मधे हब नावाची पेटी असते. ती आपल्या पोटातच तोंड आणि कान यांची अदलाबदल करून घेते. इथे मधे कोणी नाही. तेव्हा ही अदलाबदल तारेतच करायला हवी. एका टोकाला बोलण्याची जी जोडी आहे, ती दुसऱ्या टोकाला ऐकण्याच्या जागी नेऊन बसवा. अशा तारेला क्रॉसओव्हर म्हणतात."

दादा सायकल दामटीत बाजारपेठेत गेला आणि दुकानदाराकडून तारेच्या टोकाला बसवायचे दोन पारदर्शक जोड विकत घेऊन, क्रिंपिंग टूल तासाभरापुरते मागून आला. काकांनी तारेचे एक टोक कापून वरचे आवरण सोलले. आतून नारिंगी, हिरव्या, निळ्या आणि तपकिरी अशा चार रंगांच्या तारा निघाल्या. प्रत्येक रंगीत तारेला त्याच रंगाचे पट्टे असलेली पांढरी तार वेणीसारखी गुंफलेली होती. तो पीळ नुसता शोभेसाठी नसतो, असे काकांनी सांगितले. बाहेरच्या विजेचा उपद्रव पीळ दिलेल्या दोन्ही तारांना सारखाच पोचतो. संगणक त्या दोन तारांतील फरक तेवढा मोजतो. त्यामुळे दोघींना सारखा झालेला उपद्रव आपोआप वजा होतो. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी या युक्तीचे पेटंट १८८१ सालीच घेतले होते.

न कापलेल्या टोकाला तारांचा क्रम असा होता: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी आणि तपकिरी. नव्या टोकाला नारिंगी जोडीच्या जागी हिरवी आणि हिरव्या जोडीच्या जागी नारिंगी येणार होती. माझी बोटे लहान. म्हणून तारा ओळीने लावण्याचे काम माझ्याकडे आले. दादा रंग सांगू लागला. पण माझ्या मनातला राग अजून निवळला नव्हता. 'मला काय सांगतोस, मला सारे समजते,' अशा तोऱ्यात मी त्याचे शब्द अर्धेच ऐकत होतो. पांढऱ्या-नारिंगीच्या जागी मी निळी तार बसविली आणि टूल दाबले.

दिवा लागला नाही. काकांनी पारदर्शक जोड उजेडात धरला आणि माझी चूक दाखविली. एकदा दाबलेला जोड पुन्हा उघडत नाही. तो कापून टाकावा लागतो. आता एकच जोड उरला होता, आणि मागे डिस्कची टक् टक् चालूच होती.

दादा रागावेल असे मला वाटले. तो रागावला नाही. तो माझ्याजवळ खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "या वेळी मी एक रंग सांगतो. तू तो परत म्हण, मगच तार लाव." मी तसे केले. "पांढरी-हिरवी." "पांढरी-हिरवी." "हिरवी." "हिरवी." असे आठ रंग आम्ही जपासारखे म्हटले. दोन दिवसांत आमच्यात झालेले हे पहिलेच संभाषण होते!

तार खोचली आणि हिरवा दिवा लागला. दादाने एका संगणकाला १९२.१६८.०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.०.२ असा पत्ता दिला. मग त्याने पिंग नावाची आज्ञा लिहिली. म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला 'आहेस का?' असे विचारायचे. लगोलग चार ओळी उमटल्या. चारही वेळा उत्तर आले होते.

फाइली एकेक करून पलीकडे जाऊ लागल्या. धडधाकट डिस्कवरून हे काम काही मिनिटांत झाले असते. पण आमची डिस्क धापा टाकीत होती. तास उलटून गेला. बावीस फाइली सुखरूप आल्या. तेविसावी फाइल, कृष्णेच्या पुराची, अर्ध्यावर थांबली ती थांबलीच. त्याच रात्री डिस्कचा आवाज कायमचा बंद झाला.

नव्या संगणकातून आजीचा आवाज निघाला तेव्हा आई स्वयंपाकघरातून हातातले काम टाकून आली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दादा आणि मी वही घेऊन बसलो आणि हरवलेली आठवण आठवून आठवून लिहिली. पाणी कोठवर चढले हे दादाला आठवत होते. गुरे कशी सोडवली हे मला. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकून लिहायचे, असे करीत आठ पाने भरली. त्यांत आजीचे शब्द पुष्कळ होते. तिचा आवाज मात्र नव्हता.

आज तशा तारेची गरज उरलेली नाही. १९९९ साली तारेवरून सेकंदाला एक अब्ज बिट धाडणारी पद्धत प्रमाणित झाली. तिच्यात चारही जोड्या कामी येतात आणि प्रत्येक जोडीवर दोन्हीकडचे संगणक एकाच वेळी बोलतात आणि ऐकतातही. शिवाय अलीकडच्या बहुतेक संगणकांच्या खोबण्या समोर कोण आहे हे ओळखून तोंड आणि कान यांची अदलाबदल आपली आपणच करतात. सरळ तार लावा की उलटी, दिवा लागतो.

माणसांच्या बाबतीत असा शोध अद्याप लागलेला नाही. आपल्याला ती अदलाबदल दर वेळी हातानेच करावी लागते. कधी घरात आवाज चढतो, मलाही माझेच म्हणणे खरे वाटू लागते, आणि अशा वेळी मला खालच्या खणाची आठवण होते. तेथे करड्या रंगाची तीन हात तार पडून आहे. तिच्या एका टोकाला नारिंगी तार पहिल्या जोडीत आहे आणि दुसऱ्या टोकाला हिरवी. ती तार टाकून देण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.