मोड आलेले वाल

माझी अडीच वर्षांची नात दिवसभर माझ्याजवळ असते. मुलगा आणि सून सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात, मग डोंबिवलीच्या घरात आम्ही दोघीच. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं, म्हणून शेजारणी हमखास विचारतात, "काय काय शिकवलंत हिला?" बसवून असं मी काहीच शिकवत नाही. हातातल्या कामात तिला घेते, एवढंच.

बिरड्यासाठी कडवे वाल भिजत घातले तेव्हाची गोष्ट. भिजवण्याआधी तिने मूठभर वाल परातीत वाजवून पाहिले. दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधताना तिला ते हाताला मोठे लागले. "फुगले!" म्हणाली. मग पुरचुंडी सोडून पाहायचा सपाटाच लावला. मी दोनतीनदा सोडू दिली, नंतर म्हटलं, "आता झोपू दे त्यांना." मोड दिसल्यावर ती बोट लावून म्हणाली, "शेपूट." मी मान डोलावली. अंकुर हा शब्द पुढे येईलच.

वाल कोमट पाण्यात टाकून सोलायला बसलो. चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी मासोळीसारखी सुळकन निसटते. तिची पहिली थेट फ्रिजखाली गेली. ती खदखदून हसली आणि पुढचे कितीतरी वाल मुद्दाम उडवले. मग कधीतरी दाब कमी करायला आपोआप शिकली. सालं एका वाटीत, डाळिंब्या दुसऱ्या वाटीत. एवढ्याशा कामाला सकाळ गेली, पण तेवढ्या वेळात ती एकदाही कंटाळली नाही. या वयाची मुलं कडधान्य नाकाकानात घालतात, तोंडातलं घशात अडकू शकतं, म्हणून मी समोरून हलत नाही आणि उठताना सगळं उचलून ठेवते.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. बोर्डीला १९४५ साली त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती तिथली. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, काड्या हेच साहित्य. शहरातल्या फ्लॅटला अंगण नसेल, पण वाल, चमचे, डब्यांची झाकणं प्रत्येक घरात असतात.

सुनेने हौसेने चित्रांची कार्डं आणली आहेत. नात ती जमिनीवर ओळीने मांडून त्यांची गाडी करते. तेही चालतं. अडचण होते ती पाहुणे आले की. "हा रंग कोणता? वाघ कसा ओरडतो? एक ते दहा म्हणून दाखव बघू!" ती माझ्या पदराआड लपते. परवा एका पाहुण्यांनी तर "अजून बोलत नाही का?" असंच विचारलं. तास-दोन तासांपूर्वीच ती गॅलरीतल्या कावळ्याशी भांडत होती! मोठ्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं, हे मुलांना बरोबर कळतं. म्हणून मी तिला खरोखर अडलेलंच विचारते, "माझा चष्मा कुठे गेला गं?" मग ती घरभर फिरून, खाटेखाली वाकून, सगळं सांगत शोधते.

संध्याकाळी आम्ही बाजारात जातो. भाजीवाल्या मावशी तिच्या हातात शेवग्याची शेंग देतात. ती तिच्याहून लांब आहे की आखूड, याची मोजणी रस्ताभर चालते. परतताना स्टेशनच्या पुलावर गर्दी नसलेला कोपरा गाठतो. कुठली गाडी थांबली, कुठली धडधडत निघून गेली, हे ती बघत राहते. फास्ट आणि स्लो हे शब्द तिने तिथेच उचलले, आणि आता घरी मला म्हणते, "आजी, तू स्लो."

रात्री पुस्तक वाचण्याचं काम तिच्या बाबाचं. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'मधली पुस्तकं सध्या रोज चालली आहेत. तो कंटाळून एखादं वाक्य गाळतो, तर ती पान मागे उलटते. "तेच तेच वाचून काय मिळतं हिला?" असं तो वैतागून विचारतो. पुढे काय येणार हे आपल्याला माहीत आहे, याचा आनंद मिळतो. वाचनाची गोडी तिथूनच लागते.

सुनेला मी एकच सांगते. सुट्टीच्या दिवशी तासभर काहीही घाई ठेवू नकोस, पोळ्या करताना एक गोळा तिला दे. गेल्या रविवारी तिने दिला. पोळी वेडीवाकडी झाली, मध्ये भोक पडलं. नातीने त्या भोकातून आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मग ती पोळी तुपासाखरेबरोबर स्वतःच फस्त केली.