आमचा जलप्रवास : एक चुकलेली निवड

आम्ही नांदेडचे. गोदावरीच्या कांठीं आमचें सारें आयुष्य गेलें. परंतु ज्यास जलप्रवास म्हणावा तो आमच्या घराण्यांत कोणी केलेला नव्हता. कोंकणांतल्या मंडळींस आगबोट कधीं परकी वाटली नाहीं. मुंबईहून रत्नागिरी-मालवणकडे जाणाऱ्या आगबोटींनीं त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या सासरीं-माहेरीं पोंचविल्या. आम्हां मराठवाड्यांतील लोकांस मात्र समुद्र म्हणजे नकाशांतला निळा रंग. शिवाय आमच्या पणजोबांच्या काळीं समुद्रपर्यटन हें निषिद्धच मानलें जात असे. सन १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्याकरितां कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां समाजांत केवढें काहूर माजलें होतें, हें वाचकांस ठाऊक आहेच. आज तो निषेध कोणाच्याही घरांत उरलेला नाहीं. उलट, चार कुटुंबें एकत्र जमलीं कीं 'क्रूझला कधीं जायचें?' हा प्रश्न हटकून निघतो. परंतु कोणत्या जहाजानें जावें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आम्हींही केला नव्हता. आणि त्याचें प्रायश्चित्त आमच्या आईस घ्यावें लागलें.

आईचें वय तेव्हां अठ्ठ्याहत्तर होतें. मुंबईची चौपाटी सोडली तर समुद्र तिनें पाहिलेला नव्हता. "कांठ म्हणून कोठें दिसूं नये, चोहोंकडे पाणीच पाणी, असें एकदां पाहावयाचें आहे," असें ती अधूनमधून म्हणे. परदेशीं नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवानें हें मनावर घेतलें आणि तिकडल्याच एका बंदरांतून निघणाऱ्या चार रात्रींच्या सफरीचा बेत ठरविला. आम्ही उभयतांनीं माहितीपत्रकांतलीं चित्रें पाहिलीं, दर पाहिले, आणि होकार कळविला. खोली निवडावयाची वेळ आली तेव्हां सर्वांत स्वस्त ती घेतली; झोंपण्यापुरतीच तर हवी, असा आमचा हिशेब.

दिवस वर्षअखेरच्या सुटीचे होते. जहाज कसलें, एक तरंगतें शहरच तें! हजारों माणसें, डेकवर मध्यरात्रीपर्यंत वाद्यांचा कल्लोळ, जेवणाच्या दालनांत सामिष पदार्थांच्या शेजारींच शाकाहारी ताटें मांडलेलीं. कांदा-लसूणही न खाणाऱ्या आमच्या आईची अन्नावरची वासनाच उडाली. दूध आणि फळें यांवर तिनें दिवस काढले. नातवंडें मात्र हरखून गेलीं होतीं. त्यांच्यामागें धांवतांना आमचा दिवस सरे. आईस चला म्हटलें कीं ती म्हणे, "तुम्ही जाऊन या, मी इथें बरी आहे." ती कुरकुर करीत नाहीं, याचें आम्हांस मनांतून बरेंच वाटत होतें, हें आज कबूल केलें पाहिजे.

नांदेडास परत आल्यावर शेजारच्या काकू समुद्राची हकीकत ऐकावयास आल्या. आई हंसून म्हणाली, "समुद्र कसला, बाई! चार दिवस दिवा लावून बसलें होतें." आमच्या खोलीस खिडकी नव्हती. दिवस कोणता, रात्र कोणती, हें तिला घड्याळावरून कळत होतें. जिला समुद्र दाखवावयास नेली, तिला आम्हीं चार भिंतींच्या आंत ठेवून परत आणली होती.

जहाज वाईट होतें, असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. आमचा नातू आजही त्यास स्वर्ग म्हणतो. चुकली ती आमची निवड. मुलीसाठीं स्थळ पाहतांना आपण केवळ घराचा आकार पाहत नाहीं. माणसें कशीं, रीतभात कशी, मुलीच्या स्वभावास तें मानवेल कीं नाहीं, याची चौकशी करतों. जहाजालाही असाच स्वभाव असतो, हें आम्हांस उशिरा कळलें. पुढें वर्षभर आम्हीं या विषयाचा जो अभ्यास केला, त्यांतील कांहीं गोष्टी वाचकांच्या उपयोगीं पडतील म्हणून येथें देतों.

रॉयल कॅरिबियन कंपनीचें 'आयकॉन ऑफ द सीज' हें जहाज २०२४ च्या जानेवारींत समुद्रावर आलें. वीस मजले, पोहण्याचे सात तलाव, पाण्याच्या सहा घसरगुंड्या आणि सात हजारांहून अधिक प्रवासी मावतील एवढी जागा! लहान मुलांच्या कुटुंबास याहून अधिक काय हवें? याच्या अगदीं उलट क्युनार्ड कंपनीच्या 'क्वीन मेरी २' ची रीत. २००४ पासून चालणाऱ्या या जहाजावर मोठें ग्रंथालय आहे, नृत्याचें दालन आहे आणि कांहीं सायंकाळीं औपचारिक पोशाखाचा प्रघात आहे. जुन्या चालीरीतींची आवड असणारास तेथें घरच्यासारखें वाटेल. मोकळ्या वृत्तीच्या तरुणास अवघडल्यासारखें होईल. व्हायकिंग कंपनीच्या जहाजांवर अठरा वर्षांखालील मुलांस घेत नाहींत आणि जुगाराचें दालनही ठेवीत नाहींत. यांतलें कोणतें श्रेष्ठ, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणासाठीं कोणतें, एवढाच प्रश्न खरा.

आपल्या किनाऱ्यावरही गेल्या कांहीं वर्षांत बरेच प्रयोग झाले. २०१८ मध्यें मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली. २०१९ मध्यें 'कर्णिका' आली. पण २०२० च्या महामारींत तिची कंपनीच बंद पडली. २०२१ मध्यें कॉर्डेलिया कंपनीनें मुंबईहून 'एम्प्रेस' सोडली; हें जहाज मूळचें १९९० सालचें. नदीवरचा शांत प्रवास ज्यांस हवा त्यांच्यासाठीं २०२३ मध्यें काशीहून दिब्रुगडपर्यंत 'गंगाविलास' निघाली; तिच्यांत अवघे छत्तीस प्रवासी. तें नांव निघतांच आई म्हणाली, "गंगा पाहिली आहे रे मीं." तिला समुद्रच हवा होता.

तिकीट काढण्यापूर्वीं आम्ही आतां पुढील प्रश्न विचारतों. पहिला, दिवस कोणते? शाळांची सुटी, वर्षअखेर आणि शनिवार-रविवार धरून काढलेल्या लहान सफरी यांत गजबज अधिक. शाळा चालू असतांना, मधल्या वारीं तेंच जहाज कितीतरी शांत असतें. दुसरा, खोली कोठें? जहाजाच्या मध्यभागीं आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी लागतात. नाचगाण्याच्या दालनावर किंवा खालीं असलेली खोली टाळावी. म्हाताऱ्या माणसास खिडकी तरी हवीच, साधल्यास सज्जा. तिसरा, जेवण? शाकाहारी किंवा जैन पद्धतीचें जेवण मिळेल काय, हें आधीं लेखी कळवून विचारावें आणि लवकरची पंगत मागून घ्यावी. चौथा, किनाऱ्यावर कसें उतरवितात? कांहीं ठिकाणीं जहाज धक्क्यास लागत नाहीं. लहान होडींत उतरावें लागतें, आणि तें गुडघेदुखीच्या माणसास झेपत नाहीं. पांचवा, वाद्यें वाजत नाहींत असा एखादा कोपरा जहाजावर आहे काय? हा प्रश्न ऐकून तिकिटें देणारे गृहस्थ चकित झाले. परंतु चौकशी करून त्यांनीं उत्तर आणून दिलें.

या वेळीं आम्ही मुंबईहूनच निघालों. लातूरहून आईची धाकटी बहीण, आमची मावशी, रात्रीच्या गाडीनें आली. चार रात्रींऐवजीं दोनच रात्री घेतल्या आणि वांचलेल्या पैशांत दोघी बहिणींना सज्जाची खोली मिळाली. जहाजाचें नांव मुद्दामच देत नाहीं. आमच्या आईस मानवलें तें दुसऱ्या कोणास मानवेलच असें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही चहा घेऊन त्यांच्याकडे गेलों. दोघी सज्जांत शाली पांघरून बसल्या होत्या. किनारा कोठेंच दिसत नव्हता. न्हाणीघरांतलें पाणी कोठून येतें, असें मावशीनें विचारलें. समुद्राचेंच पाणी यंत्रानें गोडें करतात, हें सांगतांच ती कितीतरी वेळ गप्प राहिली. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या उन्हाळ्यांत आमच्या याच मावशीनें टँकरपुढें घागरी धरून रात्री जागून काढल्या होत्या. "लेकरांनो," ती म्हणाली, "मग नळ जपून सोडा." आणि दोन दिवस तिनें कोणाला नळ वाहता ठेवूं दिला नाहीं.

आई कांहींच बोलली नाहीं. चहा निवून गेला. उन्हें वर आल्यावर ती एवढेंच म्हणाली, "आतां पाहिला."

त्या दोन शब्दांनीं आमचा जीव भांड्यांत पडला. पण एक बोच उरली ती उरलीच. पहिल्या खेपेस आम्हांस जहाजाची माहिती नव्हती, हें खरें. परंतु आईस काय हवें होतें हें कळावयास कोणत्याही माहितीपत्रकाची गरज नव्हती. तें तिनें अनेकदां सांगितलें होतें. आम्हींच तें ऐकलें नव्हतें.