लाडके व्यक्तिमत्त्व आणि हरवलेला नाटककार

मराठी माणसाची अस्मिता पडद्यावर दाखवावयाची झाली, की पु. ल. देशपांडे यांची प्रसन्न मुद्रा समोर येते. या माध्यमाशी त्यांचे नाते त्याच्या आरंभापासूनचे आहे. १९५९ साली दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखत घेण्याचा मान पुलंकडे जातो. नवे राष्ट्र नव्या माध्यमातून स्वतःला पाहू लागले, तेव्हा प्रश्न विचारणारा एक मराठी नाटककार होता. पुढे मात्र तो स्वतःच प्रतीक झाला. आणि प्रतीकाला कोणी प्रश्न विचारू देत नाही.

नाटककाराची अस्मिता एकाच स्वरात बोलत नसते. 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) या नाटकात काकाजींची रसिकता आणि आचार्यांचे वैराग्य यांचा झगडा आहे. नाटकाचा कल काकाजींकडे असला, तरी आचार्य अखेरीस उपहासाचा नव्हे, करुणेचा विषय होतात. स्वातंत्र्योत्तर समाजाने कोणते जीवनमूल्य स्वीकारावे, हा तो वाद होय. पडद्यावरील प्रतीकात हास्य उरते. वाद गळून पडतो.

हे गळणे वेळ नदीकाठच्या तळेगाव ढमढेरे येथून पाहिले, तर अधिक स्पष्ट दिसते. शिरूर तालुक्याच्या या परिसराला यात्रेतला तमाशा परका नाही. पुलंनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य याच परंपरेच्या आधाराने लिहिले आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ते गाजवले. परंतु प्रतीकातले पुलं चाळीचे, पार्ल्याचे, कोकणाचे. येथील प्रेक्षक त्यांना 'आपले' म्हणतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या अंगणात बसून हसत असतो. त्याच्या अंगणात आलेले पुलं त्याला क्वचितच दाखवले जातात.

'व्यक्ती आणि वल्ली'वर आधारलेली हिंदी मालिका २०१८ साली आली. तिचे नाव 'नमुने'. अंतू बर्वा रत्नागिरीच्या बोलीत जगतो. ती बोली काढून घेतली, की व्यक्तीचा खरोखरच नमुना होतो. राष्ट्रीय पडद्यावर प्रवेश मिळतो, पण त्याची किंमत भाषेला मोजावी लागते.

१९९६ साली पुलंना पहिला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास सत्ताधाऱ्यांच्या ठोकशाहीबद्दल त्यांनी उघड नापसंती व्यक्त केली, आणि त्यांच्यावर बोचरी टीका झाली. ज्याला गौरवावे त्याने गप्प राहावे, ही अपेक्षा त्या रोषामागे होती. प्रतीक बोलू लागले म्हणून ते खटकले. खरे तर त्या क्षणी केवळ नाटककार परतला होता. त्याचे स्मरण करावयाचे, तर त्याच्या हशाइतकाच त्याचा मतभेदही जपावा लागेल.