आदान-निक्षेपण

बँकेत असताना तारण मालाची मोजदाद करण्यासाठी मी गोदामांत जात असे. एकदा माझ्या डोळ्यांदेखत थप्पीच्या तळातले पोते ओढताना वरची रास कोसळली आणि एका तरुण हमालाचा पाय कायमचा अधू झाला. थप्पी वरून, पायरी-पायरीने उतरवावी, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. सायंकाळी लिहिलेल्या माझ्या अहवालात पोत्यांची संख्या अचूक होती. त्या पायासाठी रकानाच नव्हता.

पाच समित्यांपैकी चौथी आदान-निक्षेपण समिती : वस्तू पाहून, जपून उचलावी; पाहून, जपून ठेवावी. मुनींना सांगितलेली ही दक्षता आपल्या गोदामातही हवी. सूक्ष्म जीवांना जपणारे आपण, पोते वाहणाऱ्या पंचेंद्रिय जीवाला विसरतो. नव्या हमालाचा पहिला दिवस शिकवण्यासाठी राखावा. तोही अहिंसेचाच आचार होय.