जाण्याचा वेळ, येण्याचा वेळ

नेट रखडलं की पहिला हात पिंगकडे जातो. माईक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात ते लिहिलं, आणि अजून त्याला तोड नाही. पण पिंग सांगतं तो जाऊन-येऊन लागलेला वेळ. सोलापूरहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत ४० मिलिसेकंद आले, तर त्यात जायला किती आणि यायला किती, यावर ते गप्प. मग आपण सरळ निम्मे करून मोकळे होतो.

*

सोलापूर–मुंबई वंदे भारत फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक: सोलापूर सकाळी ६.०५, मुंबई १२.३५. परतीला मुंबई दुपारी ४.०५, सोलापूर रात्री १०.४०. जाताना साडेसहा तास, येताना पाच मिनिटं जास्त. एकूण वेळाचे निम्मे करून जो आकडा निघेल तो दोन्हींपैकी कुठल्याच फेरीचा नाही. नेटवर तर तफावत याहून कितीतरी मोठी. पॅकेट एका वाटेने जातं, उत्तर भलत्याच वाटेने येतं. शिवाय गर्दी एकाच बाजूला असू शकते.

*

गाडीचे साडेसहा तास आपण बिनदिक्कत सांगतो, कारण दोन्ही स्टेशनांवर वेळ एकच. १९०० च्या सुमारास तसं नव्हतं. रेल्वे मद्रास वेळेवर चाले आणि मुंबईची स्वतःची वेळ तिच्या अर्धा तास मागे. खिशातल्या मुंबईच्या घड्याळात निघायची वेळ पाहिली आणि सोलापूर स्टेशनच्या घड्याळात पोचायची, तर प्रवास अर्ध्या तासाने फुगायचा. परतताना उलटं केलं की तेवढाच आटायचा. बेरीज मात्र चोख! पिंगची सारी अब्रू या बेरजेवर टिकून आहे: एकच घड्याळ, दोन्ही नोंदी त्यातल्याच.

*

एकेरी वेळ मोजताना उणे आकडा दिसला तर दचकू नये. पॅकेट निघण्याआधी पोचलेलं नसतं, पलीकडचं घड्याळ मागे असतं. संगणकाच्या घड्याळातला स्फटिक दहा लाखांत वीस भाग चुकला तरी ५० सेकंदांत एक मिलिसेकंद सरकतो, दिवसाकाठी पावणेदोन सेकंद. त्यात उष्णतेने त्याची चाल बदलते. आमच्याकडचा मे महिना आणि बंद पडलेला एसी, एवढं पुरे.

*

यावर सगळे सांगतात, ‘एनटीपी लाव.’ डेव्हिड मिल्स यांची ही पद्धत १९८५ पासून जगाची घड्याळं जुळवते आहे. आपल्याकडे तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणं बंधनकारक केलं. लॉगच्या नोंदी ताडून पाहायला ते उत्तम. पण एकेरी वेळ मोजायला? एनटीपीही शेवटी जाऊन-येऊनच वेळ मोजतं आणि दोन्ही बाजू सारख्या असं गृहीत धरतं.

आकडे मांडून बघा. खरं जाणं ३० मिलिसेकंद, येणं १०. एनटीपी दोन्हीकडे २० धरतं, म्हणून घड्याळ नेमकं १० मिलिसेकंदांनी चुकीचं लागतं. आता त्या घड्याळाने त्याच वाटेवर एकेरी वेळ मोजा. जाणं २०, येणं २०. किती छान जुळलं! जे गृहीत धरलं तेच मोजून हाती आलं. असा सुबक तक्ता अहवालात दिसला की मला आधी शंका येते.

*

म्हणून वेळ नेटबाहेरून आणायची. गच्चीवर जीपीएसचा अँटेना, तिथून खाली केबल. केबलमध्ये मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद जातात. मिलिसेकंदांच्या हिशेबात ते सोडून द्यावेत. आभाळ मोकळं हवं, पाण्याच्या टाकीची आड नको, आणि ओली चादर वाळत घालायला तोच दांडा सोयीचा वाटणाऱ्या घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

*

एकेरी वेळेची खरी गरज विजेच्या जाळ्यात दिसते, आणि त्यात सोलापूरचं नाव ठळक आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एका लयीत जोडलं गेलं. तोवर दक्षिणेशी देवाणघेवाण भद्रावतीसारख्या ठिकाणी, एसीची डीसी करून पुन्हा एसी करत चाले. दोन्हीकडच्या लयी वेगळ्या असल्या तरी त्यात निभत असे.

एका लयीत आल्यावर दोन ठिकाणच्या विजेच्या कलेतला कोन सतत पाहावा लागतो. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे घड्याळात एक मिलिसेकंदाची चूक झाली तर कोनात १८ अंशांची. त्यामुळे मोठ्या उपकेंद्रांत बसवलेली फेजर मापन यंत्रं प्रत्येक मोजणीवर जीपीएसची वेळ टाकूनच ती भार प्रेषण केंद्राकडे पाठवतात. तिथलं घड्याळही त्याच वेळेवर. पोचल्याची वेळ वजा मोजल्याची वेळ: यंत्राच्या आतला वेळ धरून एकेरी विलंब हातात! पिंगची गरजच नाही. केंद्रातलं संकलन यंत्र एका क्षणाच्या सगळ्या नोंदींसाठी ठरावीक वेळ थांबतं, उशिरा येणाऱ्याला वगळून पुढे जातं.

*

रेल्वेमार्गाइतकं, साडेचारशे किलोमीटर अंतर धरलं, तर काचेतून प्रकाशाला मुंबई गाठायला सव्वादोन मिलिसेकंद लागतात. जाऊन-येऊन दुप्पट धरले, तरी पिंगच्या ४० पैकी बाकीचे कुठे गेले? थोडे वळशात, थोडे यंत्रांत, पण संध्याकाळी वाढतात ते बहुतेक राउटरच्या रांगेत. नुसती रांगच पाहायची असेल तर जीपीएसही नको. मिनिटभरात मोजलेल्या एकेरी वेळांतला सर्वांत कमी आकडा बाजूला ठेवायचा, उरलेले त्याच्यापेक्षा किती वर जातात ते बघायचं. घड्याळातली चूक वजाबाकीत उडून जाते. मिनिटाचा तास केला तर मात्र स्फटिकाचं सरकणं रांगेसारखं दिसू लागतं.