दगडातले भीष्म, धाग्यातली फुले

"एवढ्या लांब जायचं ते देवळं बघायला? आपल्याकडे काय कमी आहेत का?" सासूबाईंचा हा प्रश्न वडोदऱ्याहून निघेपर्यंत चालूच होता. पण अंकोरवाटच्या पश्चिमेकडच्या ओवरीत शिरलो आणि त्या जागीच थांबल्या. समोरच्या लांबलचक भिंतीवर कौरव-पांडवांची सैन्ये एकमेकांवर चालून येत होती आणि त्या गर्दीत एक योद्धा बाणांच्या शय्येवर पडला होता. "अगं, हे तर भीष्म!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की शेजारचे जपानी प्रवासीही वळून पाहू लागले. त्यानंतरचे सगळे दिवस सासूबाई पुढे आणि आम्ही मागे!

गेल्या जानेवारीत आम्ही कंबोडियाची सहा दिवसांची सहल केली. पहिले तीन दिवस मुक्काम सिएम रीपला होता. तिथून जवळच असलेले अंकोरवाट राजा दुसरा सूर्यवर्मन याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधायला घेतले. पुढे ते बौद्धांचे झाले. तरी पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांची विष्णुमूर्ती आजही उभी आहे. गावकरी तिला वस्त्र नेसवतात, उदबत्ती लावतात. सासूबाईंनीही लावली. पूर्वेच्या ओवरीत सुमारे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन कोरलेले आहे. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ या काळात, इथे यायला फारसे कोणी धजत नव्हते तेव्हा, या मंदिराच्या डागडुजीचे काम केले, हे गाइडने आवर्जून सांगितले.

दुसऱ्या दिवशी सातव्या जयवर्मनच्या बायोन मंदिराचे ते प्रचंड, शांत दगडी चेहरे पाहिले. मग झाडांच्या मुळांनी कवेत घेतलेले ता प्रोह्म. तिसऱ्या दिवशी बांते स्रेई. इ. स. ९६७ मधले हे शिवमंदिर आकाराने लहान, पण गुलाबी वालुकाश्मावरचे कोरीवकाम चंदनाच्या पेटीवर असावे इतके नाजूक. कैलास हलवणारा रावण पाहून वेरूळची आठवण झाली. 'बांते स्रेई' म्हणजे स्त्रियांची गढी. एवढे नाजूक काम स्त्रियांच्याच हातचे असणार, असे लोक म्हणतात. खरे-खोटे देव जाणे, पण ऐकायला बरे वाटले!

परतताना प्राह दाक गावी थांबलो. रस्त्याच्या कडेला ताडाचा रस मोठ्या कढईत आटत होता. आपल्या गुऱ्हाळासारखाच तो गोड, धुरकट वास! गुळाच्या छोट्या चकत्या ताडाच्याच पानात गुंडाळून मिळतात. शेजारी एक मुलगी वेताची टोपली विणत होती. देवळांच्या सावलीतली ही गावे पाहण्यासाठीच पुन्हा यावे, असे वाटले.

पण मनात घर केले ते पाचव्या दिवसाने. चौथ्या दिवशी राजधानी नॉम पेन्हला आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेकडे ताकेओ प्रांतात गेलो. तिथे नॉम चिसोर नावाच्या टेकडीवर अकराव्या शतकातले मंदिर आहे. सुमारे चारशे पायऱ्या आहेत. सासूबाई खालीच थांबल्या. आम्ही उतरून आलो तर त्या टेकडीखालच्या एका घरात जाऊन बसलेल्या! घर खांबांवर उंच, खाली हातमाग आणि मागावर सत्तरीची एक आजी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण सासूबाईंचा हात मागावरच्या रेशमावरून फिरत होता.

"अगं, हे आपल्या पटोळ्यासारखंच," त्या म्हणाल्या. खरेच होते. पटोळ्यात उभे-आडवे दोन्ही धागे विणण्याआधी बांधून रंगवतात, इथे फक्त आडवे. या कापडाला 'होल' म्हणतात. विणू लागले की त्या धाग्यांतून फुले आपोआप उमटतात.

मला एक कापड आवडले. सवयीप्रमाणे मी सांगितलेल्या किमतीच्या निम्मी किंमत बोलले. गाइडने भाषांतर केलेच नाही. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आधी यांचं ऐका, मग भाव करा."

आजी वीस वर्षांची असताना, १९७५ मध्ये, ख्मेर रूजची राजवट आली. शहरे रिकामी केली, माणसांना शेतात राबायला लावले. अंगावर काळे कपडेच घालायचे. रेशीम नाही, रंग नाही, माग नाही. जवळजवळ चार वर्षांत लाखो माणसे उपासमारीने, आजाराने आणि हत्याकांडात गेली. आजीची आईही गेली. तिनेच हे नक्षीकाम शिकवले होते. कागदावर कुठेच नाही, कुठला धागा किती अंतरावर बांधायचा ते सगळे तोंडपाठ. १९७९ नंतर आजीने पुन्हा माग उभा केला.

"डोक्यात होतं, ते कोणाला दिसलं नाही," गाइडने तिचे शब्द सांगितले.

आता कोण शिकतंय, असे मी विचारले. सून सोप्या नक्ष्या बांधते. नात नॉम पेन्हजवळच्या कपड्यांच्या कारखान्यात जाते. तिथे महिन्याला ठरलेला पगार मिळतो. आजीने नातीला दोष दिला नाही. एक कापड बांधून, रंगवून, विणून व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि मग कोणी तरी येऊन निम्मी किंमत सांगते!

मी मान खाली घातली. सासूबाईंनी कमरेचा बटवा सोडला, पूर्ण किंमत मोजून दिली आणि मला म्हणाल्या, "भाजी घेतोय का आपण?"

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. अंकोरचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा आहे. मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. शाकाहारी असाल तर जेवण मागवतानाच माशाचा रस घालू नका म्हणून सांगा. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, फाटकी नोट कोणी घेत नाही. आणि एक दिवस तरी विणकरांच्या गावासाठी राखून ठेवा.

ते कापड सासूबाईंच्या कपाटात पटोळ्याशेजारी आहे. परवा शेजारच्या काकूंना त्या ते उलगडून दाखवत होत्या. अंकोरवाटचे फोटो मात्र अजून पाकिटातच आहेत.