दळणाला आलेली माणसं

कुठल्या धान्यावर कुठलं धान्य टाकायचं हे ज्याला कळलं, त्याला निम्मी गिरणी कळली. दळण संपलं तरी दगडांच्या मध्ये मूठ-दोन मुठी पीठ अडकून राहतंच, आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या डब्यात उतरतं. गव्हावर गहू, ज्वारीवर बाजरी चालून जाते. हरभऱ्याच्या डाळीवर गहू टाकला, तर त्या घरच्या पोळीला बेसनाचा वास येतो. म्हणून डाळ मी संध्याकाळी शेवटी घेतो आणि सकाळी आधी घरचे थोडे गहू टाकून दगड साफ करतो; ते पीठ गुरांना जातं. उपासाची भगर आणि राजगिरा यांच्यासाठी लहान गिरणी वेगळी ठेवली आहे. ज्यांना सिलिअ‍ॅक आजारामुळे डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केलाय, त्यांना मात्र मी स्पष्ट सांगतो, की इथलं ज्वारीचं पीठ नेऊ नका, घरी घरघंटी घ्या. कितीही साफ केलं तरी गव्हाचा कण हवेतसुद्धा उडत असतो.

निम्मी गिरणी राहिली, ती पिठाच्या स्पर्शात आहे. खाली उतरणारं पीठ चिमटीत धरून अंगठ्यानं चोळायचं. बोटाला कणी लागली तर दगड जरा जवळ घ्यायचे. पण फार जवळ घेतले की पीठ तापतं, करपल्यासारखा वास येतो, आणि तशा ज्वारीची भाकरी थापताना कडेनं चिरत जाते. विरी गेलेलं पीठ कितीही मळा, जुळत नाही. मालदांडी ज्वारी दळताना माझा हात पिठाच्या धारेखालून निघत नाही. आवाजावरही कान असतो. वरची पेटी रिकामी व्हायला आली की दगडांचा सूर बदलतो. धान्य संपून दगडावर दगड घासला, तर पिठात कच आलीच म्हणून समजा.

एवढं सगळं आम्ही सांभाळतो, आणि गिऱ्हाईक येतं ते कानाला फोन लावून. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. दळण आणणं हे घरातलं सगळ्यात बिनमहत्त्वाचं काम धरलं जातं. भाजी आणता आणता, मुलाला शिकवणीला सोडता सोडता ते उरकायचं असतं.

पूर्वी जात्यावर बसणाऱ्या बायकांचंही मन काही पिठात नसायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पंढरीची वाट आहे. पहाटेच्या अंधारात मन कुठल्या कुठे जायचं. पण मूठ वैरणारा हात धान्यातच असायचा. बाजरीच्या जागी गहू आला तर बोटांना आधी कळायचं. गिरण्या आल्या, बायकांच्या मागचं मोठं कष्टाचं काम गेलं, ते फार चांगलं झालं. त्याबरोबर धान्यातला तो हातही घरातून निघाला आणि आमच्याकडे आला. तो हात सांभाळणं हे आता गिरणीवाल्याचं काम आहे, असं मी मानतो.

एका चतुर्थीला एक शिक्षिका भगरीचं पीठ न्यायला आल्या. फोनवर कुणाशी तरी परीक्षेचं बोलणं चाललं होतं. पैसे दिले, डबा उचलला, गेल्या. तासाभरानं परत आल्या तेव्हा गिरणीत पाच-सहा माणसं उभी होती. त्यांच्या बांगडीला मळलेली कणीक चिकटलेली होती. सासूबाईंच्या उपासासाठी थालीपीठ लावायला घेतलं, पाणी घातलं आणि हाताला तार लागली. भगरीला तार कुठून येणार? डबा दुसऱ्याच घरचा, गव्हाचा होता. आणि त्या घरच्या काकू नेमक्या तिथेच आपला डबा शोधत उभ्या. शिक्षिका एवढंच म्हणाल्या, "काकू, माझ्याकडून तुमचं पीठ भिजवलं गेलं." शाळेत शंभर मुलांपुढे उभं राहणारी बाई, पण मान वर होईना.

अशा वेळी गिऱ्हाइकाला चार माणसांत चूक ऐकवायची नाही, हा आमच्या धंद्यातला माझा नियम आहे. काकूंचा डबा काट्यावर ठेवला, जेवढं कमी भरलं तेवढं विकायच्या गव्हाच्या पिठातून घातलं, आणि भगरीचा डबा बाईंच्या हातात दिला. काकू म्हणाल्या, "अगं, होतं असं. जा, सासूबाई थांबल्या असतील."

डबे देण्याआधी मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले होते. एकाच दुकानातले, एकाच मापाचे स्टीलचे. आणि नाव होतं झाकणावर! दळताना डबे उघडे असतात, झाकणं बाजूला रचलेली असतात. दळण झाल्यावरही मी ती लगेच लावू देत नाही, कारण गरम पिठावर झाकण घट्ट बसलं की आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि पीठ लवकर खराब होतं. तेवढ्या वेळात माझ्या हाताखालच्या पोरानं एकाचं झाकण दुसऱ्याच्या डब्यावर टेकवलं होतं. बाईंनी आपलं नाव वाचूनच डबा उचलला होता. त्यांचं लक्ष फोनवर होतं हे खरं, पण तिथे लक्ष देऊनही काही उपयोग नव्हता.

तेव्हापासून डबा आला की मी खडूनं डब्याच्या अंगावर खूण करतो आणि तिथेच धान्याचं नाव लिहितो. देताना झाकण उचलून पीठ दाखवतो, "ताई, ज्वारी, बघून घ्या." घाईत असलेली माणसंही तेवढं बघतात.

तुमच्याकडून एकच हवंय. डब्यावर नाव घालताना ते झाकणावर घालू नका, डब्याच्या अंगावर घाला, आणि बाजारातून मशीननं कोरून घ्या. ऑइलपेंट वर्षभरात घासून जातो.